पाण्याची हाक देणारे सुलैमबाबा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवीन कुणी कामाला लागलं की त्याला पहिल्याच दिवशी सांगतात, औषधाच्या कपाटाची किल्ली इथे असते, कॉफीची सुरई तिथे असते, आणि त्या अंधाऱ्या खोलीत झुवैना असते, तिच्याशी जरा जपून. सत्तावीस वर्षं झाली मला त्या खोलीत. उजेडात आले की मलाच कसंतरी होतं.

खोलीत माझं यंत्र आहे. पांढरं, आडवं, अर्धगोल. माणूस त्याच्यात तोंड घालून, हनुवटी टेकवून बसतो, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघतो आणि हातात बटण धरतो. आतल्या पांढऱ्या भिंतीवर इथे तिथे बारीक उजेड चमकतो, कधी ठळक, कधी इतका फिका की दिसला न दिसला. दिसला की बटण दाबायचं. काचबिंदूत मधली नजर शाबूत राहते आणि आजूबाजूची हळूहळू झिजते, माणसाला पत्ताही लागत नाही. कुठे झिजली ते हे यंत्र शोधतं आणि शेवटी कागद काढून देतं. दिसतं तिथे पांढरं, कमी दिसतं तिथे करडं, दिसत नाही तिथे काळं.

लोकांना वाटतं, यंत्र आहे म्हणजे खरंच बोलणार. अहो, माझी उमर गेली त्याचा खोटेपणा पकडण्यात! चष्म्याची काच डोळ्यापासून बोटभर लांब राहिली की कागदावर काळं कडं उमटतं, आणि बिचारा माणूस आंधळा होणार म्हणून घरात रडारड. पापणी ओघळलेली असली की वरचं अर्धं जग गायब. वय चुकीचं भरलं, झटपट तपासणीचा घाईचा कार्यक्रम लावला, दार जरा किलकिलं राहिलं, की झालं. म्हणून कागद काळा आला की मी आधी यंत्राकडे संशयानं बघते, मग स्वतःकडे, आणि सगळ्यात शेवटी माणसाच्या डोळ्याकडे. असं मी छाती ठोकून सगळ्यांना सांगायची. पण सुलैमबाबा आले त्या रविवारी मीच ते विसरले.

त्या दिवशी बाहेर एकतीस माणसं बसली होती. आमचे डॉक्टर ताजुद्दीन, मूळचे खार्तूमचे, गोड माणूस, पण गर्दी दिसली की त्यांचा धीर सुटतो. दारातून डोकं घालून म्हणाले, "उम्म माजिद, आज सगळ्यांना घाईचाच कार्यक्रम लाव. दुपारच्या नमाजाच्या आत ओसरी रिकामी झाली पाहिजे." माझा थोरला माजिद, म्हणून मी उम्म माजिद. मी हो म्हटलं.

सत्तरीच्या पुढचा एक किडकिडीत म्हातारा आत आला. अंगात पायघोळ पांढरी दिशदाशा, डोक्याला फिकट झालेलं फडकं गुंडाळलेलं, हातात बोरीची काठी. डावा डोळा तरुणपणीच खजुराच्या काट्यानं गेलेला. उजव्यानं त्यांनी माझं यंत्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, केवढं हे पातेलं! शिजवतेस काय यात?"

"माणसं," मी म्हटलं. "बसा बाबा, तुमचाच नंबर आहे."

म्हातारा असा हसला की उरलेले तीनही दात दिसले. "मी शिजायचा नाही हं. जून झालोय. सरपण वाया जाईल तुझं."

मी डाव्या डोळ्यावर पट्टी बांधत होते तेवढ्या वेळात त्यांनी आपली कहाणी सांगून टाकली. त्यांचं गाव वाडीच्या, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या नदीच्या, वरच्या अंगाला. तिथे डोंगराच्या पोटातून भुयारानं पाणी येतं, त्याला आम्ही फलज म्हणतो. त्या एका पाटावर अकरा घरांच्या खजुराच्या बागा. पाळीपाळीनं पाणी. दिवसा पाळी काठीच्या सावलीवर बदलते आणि रात्री ताऱ्यांवर. अमुक तारा टेकडीवरच्या अमुक दगडाच्या अंगानं निघाला की याची पाळी संपली, त्याची लागली. मशिदीच्या भिंतीवर बसून तारा बघायचा आणि हाक द्यायची, हे काम सुलैमबाबांचं. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचं होतं.

"घड्याळं नाहीत का गावात?" मी विचारलं.

"प्रत्येकाच्या मनगटावर आहे. म्हणून तर! अकरा घड्याळं, अकरा वेळा. तारा एकच असतो बघ."

आणि आता भानगड अशी झाली होती. हिवाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी त्यांचा शेजारी खल्फान, ज्याची पाळी रोहिणीवर लागते, तो भिंतीखाली येऊन ओरडला, "बाबा, तारा कधीचा निघालाय, हाक का देत नाही?" बाबा म्हणाले, निघाला नाही. तो म्हणाला, निघालाय. फोन दाखवायला लागला. बाबांना राग आला. चारचौघांत त्यांनी त्याला खोटारडा म्हटलं. तोही कमी नाही, म्हणाला, म्हाताऱ्याला तारा दिसेनासा झालाय आणि आमचं पाणी दुसऱ्याच्या बागेत चाललंय. पंच बसले. म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा. डोळा चांगला असेल तर भिंतीवर तुम्हीच. नसेल तर उद्यापासून पाळी फोनवर.

"एकेचाळीस वर्षं हाक देतोय," बाबा म्हणाले. "कुणाच्या पाण्याचा घोट इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आता तुझं पातेलं सांगेल, खोटा कोण ते."

मी माझं वाक्य म्हटलं, ठिपक्याकडे बघा, उजेड दिसला की दाबा, आणि यंत्र चालू केलं. सत्तावीस वर्षांत त्या वाक्यानं माझ्या जिभेला घट्टे पडलेत. म्हणताना मी बाहेरच्या रांगेचा विचार करत होते. चार मिनिटांत कागद निघाला.

काळा! मधे नाण्याएवढं करडं, बाकी काळं कुळकुळीत. वर आणखी एक गोष्ट. हे यंत्र मधूनमधून माणसाला फसवून बघतं, नुसता खट्ट आवाज करतं आणि उजेड दाखवतच नाही. तेव्हा जो बटण दाबतो, तो न बघताच दाबतो असं समजायचं. बाबांनी तसंही बरेचदा दाबलं होतं. म्हणजे उजेड होता तेव्हा दाबलं नाही आणि नव्हता तेव्हा दाबलं. खल्फान म्हणत होता त्याच्यावर यंत्रानं अंगठाच उमटवला होता.

डॉक्टरांनी कागद बघून सुस्कारा टाकला. "एकच डोळा, आणि तोही गेला म्हणायचा. लिहून देतो, हे काम झेपणार नाही."

आणि तेवढ्यात मला आठवलं, उठताना बाबांची काठी कोपऱ्यात पडली होती. त्या अंधारात, न चाचपडता, त्यांनी ती उचलली होती. दारात माझी भाजीची पिशवी होती, तीही ओलांडून गेले, पाय लागला नाही.

मी म्हटलं, "थांबा डॉक्टर. हा कागद म्हणतो या माणसाला कोपरा म्हणून दिसत नाही. आणि माणूस कोपऱ्यातून काठी उचलतो."

"मग दोन्हींतलं एक खोटं. काठी की कागद?"

"कागद. आणि कागदाच्या मागे मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डोळ्यामागची नस जरा खोलगट आहे हं, काचबिंदू आहेच. पण इतकं काळं मलाही पटत नाही. मंगळवारी गर्दी नसते. कर परत, तुझ्या पद्धतीनं."

ओसरीत बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी सांगितल्यावर त्यांचं तोंड एवढंसं झालं. "नापास झालो होय?"

"नापास मी झाले," मी म्हटलं. "मंगळवारी या. आणि दुसऱ्या कुणाशी या गोष्टीवर भांडू नका तोवर."

मंगळवारी आले ते फडक्यात खजूर बांधून. मी आधी कॉफी ओतली. घाई नाही, घाई नाही, असं स्वतःला बजावत होते. पापणी जरा लोंबत होती, ती चिकटपट्टीनं वर धरली. काच डोळ्याच्या अगदी जवळ आणली. घाईचा कार्यक्रम काढून लांबचा लावला. आणि चालू केल्यावर पडद्याकडे न बघता बाबांच्या अंगठ्याकडे बघत बसले.

उजेड चमकला. अंगठा गप्प. ओठ हलले. मग अंगठ्यानं बटण दाबलं. तोवर यंत्र पुढे निघून गेलेलं! पुढचा उजेड आला, परत तेच. ओठ, मग अंगठा. यंत्र खट्ट करून फसवायचं नेमकं तेव्हा, आधीच्या उजेडाचं बटण दाबलं जायचं. मी कपाळाला हात लावला आणि यंत्र थांबवलं.

"बाबा, उजेड दिसला की तुम्ही करता काय?"

"काय म्हणजे? बिस्मिल्ला म्हणतो, नीट बघतो आहे का, मग दाबतो. पण तुझे तारे चावट आहेत पोरी. निघतात तोच मावळतात."

"बिस्मिल्ला कशाला मधे?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की अक्कल गहाण टाकलीय का हिनं. "तारा टेकडीच्या कडेला आधी नुसता लुकलुकतो. त्याला तारा म्हणायचं नाही. टेकडी आणि तो यांच्यामधे केसाएवढं काळं आभाळ दिसलं पाहिजे. मग बिस्मिल्ला, मग हाक. लवकर हाक दिली तर एकाच्या झाडांचं पाणी तुटतं. माझ्या बापानं मला पहिल्या वर्षी यावरून दोनदा थोबाडलंय."

घोडं इथे पेंड खात होतं! यंत्राला वाटत होतं याला दिसत नाही, आणि हा माणूस आपला इमानानं खात्री करत होता.

मी म्हटलं, "इथे खात्री नको. दिसल्यासारखं वाटलं तरी दाबायचं."

"वाटण्यावर हाक?"

"हो."

"मी नाही देत." आणि बटण मांडीवर ठेवून दिलं.

माझं डोकं फिरलं. "अहो, ही मशिदीची भिंत नाही! इथे कुणाचं पाणी तुटत नाही! यंत्र आहे हे, दळभद्री यंत्र, त्याला थांबता येत नाही!"

बटण मांडीवर तसंच. ओरडून माणूस बदलत असता तर माझा नवरा केव्हाच सुधारला असता. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. एक खजूर खाल्ला.

"बाबा, फलज साफ करायला माणूस विहिरीतून खाली भुयारात उतरतो. त्याच्या कमरेला दोरी असते ना?"

"असते."

"वरचा माणूस दोरी धरून बसतो. दोरी हलल्यासारखी वाटली, की बिस्मिल्ला म्हणून खात्री करत बसतो?"

"वेडी का काय! खालचा गुदमरून मरेल. वाटलं की ओढायचं. दहादा उगाच ओढलं तरी चालेल, एकदा राहून गेलं तर मेला तो."

"मग ही दोरी आहे," मी बटण त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी बटणाकडे बघितलं, वायर बोटाभोवती एकदा गुंडाळली. "दोरी! मग हे रविवारी नाही का सांगायचंस?"

मी यंत्राचा वेगही उतरवला. त्याला सांगता येतं तसं, की प्रत्येक उजेडानंतर जास्त वेळ वाट बघ, हा माणूस सावकाश आहे. मधे दोनदा थांबवून डोळा मिटायला लावला, कॉफी दिली. पाऊण तास लागला. अंगठा आता कसा चालत होता, वा! चमकला की टक, चमकला की टक. खट्ट करून फसवलं तर गप्प. संपेपर्यंत एकदाही फसले नाहीत.

कागद सरकत बाहेर यायला लागला आणि मी तो ओढूनच घेतला. पांढरा! काळं सगळं धुऊन निघालेलं. मला नाचावंसं वाटलं. आणि मग तो ठिपका दिसला. मध्याच्या अगदी जवळ, वर, डाव्या अंगाला. मसुरीच्या दाण्याएवढा. काळा.

मी काच तपासली. पट्टी तपासली. दार तपासलं. तेवढाच भाग परत मोजला. ठिपका तिथेच होता, त्याच आकाराचा. सगळं खोटं एकेक करून बाहेर काढलं आणि शेवटी उरलं ते खरं होतं. रोहिणी कुठून निघते ते बाबांनी कॉफी पिताना सांगितलं होतं. नजर दगडांच्या रचलेल्या ढिगावर लावायची, तारा त्याच्या डाव्या अंगानं, जरा वरून दिसायला लागतो. नेमका तिथे हा ठिपका.

आता मी जे केलं ते सांगते, लपवत नाही. माझ्या यंत्रात उजेडाचे पाच आकार आहेत. सगळ्यांना मधला लावायचा, हा नियम. सगळ्यात मोठा त्यांच्यासाठी ठेवलेला, ज्यांचं बहुतेक सगळं गेलंय आणि उरलंसुरलं काय ते बघायचंय. मोठ्या उजेडात अशी बारीकसारीक भोकं बुजून जातात. मला हे चांगलं ठाऊक आहे, नवीन मुलींना मीच शिकवते. बाबांना म्हटलं, "आणखी एकदा बसा, सोपं आहे." आणि मोठा उजेड लावला.

दुसरा कागद स्वच्छ निघाला. शुभ्र, धुतलेल्या दिशदाशेसारखा. मी पहिला कागद घडी करून मांडीखाली सारला आणि दुसरा बाबांच्या हातात दिला. "घ्या. दाखवा पंचांना."

बाबांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "कागद दोन निघाले. मी आवाज ऐकला."

"पहिला बिघडला."

"बघू तरी."

"कशाला बघायचाय? बिघडला म्हणते ना!"

"पोरी, तू मघाशी ओरडलीस तेव्हा डोळ्यात डोळे घालून ओरडलीस. आत्ता भिंतीकडे बघून ओरडतेस."

मी कागद काढून दिला. काय करणार! त्यांनी दोन्ही शेजारी धरले. ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा इथे आहे, आणि इथे नाही. मधे काय केलंस?"

"उजेड मोठा केला."

"केवढा मोठा?"

"सोळापट."

बाबांनी दोन्ही कागद मांडीवर ठेवले. मग अगदी साध्या आवाजात, पाण्याची पाळी विचारावी तसं विचारलं, "माझ्यासाठी रोहिणी सोळापट मोठी होऊन निघेल का?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, सांगायला लाज कसली. सत्तावीस वर्षांत मी कधी कुणाचा कागद खोटा केला नव्हता. ज्याच्यासाठी केला, तोच तो परत करत होता.

"म्हणजे खल्फान खरा होता," बाबा म्हणाले. "तारा निघाला होता. मला तेवढ्या जागेत दिसला नाही, आणि दिसत नाही हेही दिसलं नाही. मी त्याला चारचौघांत खोटारडा म्हटलं गं."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"पाणी मुद्दाम वाहतं का? वाहिलं ते वाहिलं." मग त्यांनी स्वतःच्या फडक्याचं टोक माझ्यापुढे केलं. "पूस ते. हे आणखी वाढेल का?"

"थेंब रोज घातले तर बहुतेक इथेच थांबेल. आंधळे होणार नाही तुम्ही बाबा. ते रविवारचं काळं सगळं खोटं होतं."

"मग रडतेस काय! एवढं मोठं खोटं गेलं आणि एवढंसं खरं राहिलं, स्वस्तातच सुटलो." मोठ्या उजेडाचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, मधल्या उजेडाचा खिशात घातला, आणि डॉक्टरांकडून त्याच्याच खाली लिहून घेऊन गेले.

त्यांचं पुढे काय झालं ते मला सहा महिन्यांनी कळलं. तपासणीच्या तारखेला दवाखान्यासमोर एक पिकअप थांबली. पुढच्या सीटवरून बाबा उतरले, आणि चालवणारा त्यांना हात द्यायला धावत आला. पन्नाशीचा, धिप्पाड, दाढीला मेंदी लावलेला माणूस.

"हा खल्फान," बाबा म्हणाले. "आवाज मोठा आहे, दार लावून घे."

बाबा डॉक्टरांकडे गेले आणि खल्फान माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. खरंच मोठा आवाज, अख्ख्या ओसरीला फुकट ऐकू जाईल असा. मी त्याला आत घेतलं.

"उम्म माजिद, तुम्हीच ना कागद काढलात?"

"मीच. काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काय! मी जिंकलो होतो हो. दुपारच्या नमाजानंतर म्हातारा मशिदीत सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, त्या दिवशी तारा निघाला होता, खल्फान खरा, मी खोटा, आणि आजपासून हाक मी देणार नाही. कागद पंचांच्या पुढ्यात ठेवला आणि चपला घालून चालू पडला. मी घरी गेलो, बायकोनं मटण केलं होतं, एक घास गिळवला नाही. जिंकलेल्या माणसाला असं होतं का कधी?"

"मग?"

"मग फोन! दोन रात्री फोनवर पाळ्या केल्या. फोनला तारे ठाऊक आहेत, आमच्या टेकडीवरचे दगड कुठे ठाऊक? कुठला तारा कुठल्या दगडावर आला की कुणाचं पाणी, हे फक्त बाबांच्या टकलात. दुसऱ्या रात्री दोघं फावडी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले. तिसऱ्या दिवशी मी बाबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, बाबा, डोळे माझे घ्या, तारे तुमचे द्या. तासभर नुसती कॉफी पाजली. मग म्हणाले, आवाज खाली ठेवशील तर ये भिंतीवर." खल्फाननं दाढीवरून हात फिरवला. "आता दोघं बसतो. ते सांगतात कुठे बघ, मी सांगतो आला. हाक तेच देतात. ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून बरी वाटत नाही."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला कॉफी दिली. कप हातात घेऊन तो एकदम दबक्या आवाजात बोलायला लागला, म्हणजे साधारण आपण बोलतो तेवढ्या.

"एक गोष्ट आहे, तुमच्यापाशीच ठेवा. बाबांची स्वतःची झाडं सातच. त्यांची पाळी आली की ते काय करतात माहितीय? आपल्या आळ्याकडचं पाटाचं दार मातीनं बुजवतात आणि पाणी माझ्या बागेत सोडून घरी जातात. बोलत नाहीत काही. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मी पण काय करतो, ते गेले की दार फोडून पाणी परत त्यांच्या झाडांना लावतो. त्यांना दिसत नाही ना आता तेवढं. तुम्ही सांगू नका हं. म्हातारा मानी आहे, कळलं तर भिंतीवरून उतरेल."

मी शब्द दिला.

थोड्या वेळानं बाबा आत आले. मी पापणीला पट्टी लावली, काच जवळ आणली, वेग उतरवला. मधला उजेड. अंगठा टक टक चालला. कागद निघाला तो तसाच, ठिपका होता तेवढाच, तिळभरही वाढलेला नाही. मी सांगितलं तेव्हा त्यांनी अल्लाचे आभार मानले आणि लगेच यंत्रातून तोंड काढलं नाही. आतूनच, त्या पांढऱ्या भांड्यात घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, "खल्फाननं तुला सांगितलं असेल."

"काय सांगितलं?" मी म्हटलं. खोटं बोलताना मी आता भिंतीकडे बघत नाही, पण अंधारात ते कोण बघतंय!

"पाण्याचं गं. पोरी, जन्मभर अनवाणी पायानं दारं धरलीत मी. माझ्या झाडांची माती ओली की कोरडी, हे बघायला डोळा लागतो होय?"

मी कागदाची घडी घातली.

"पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला. परत त्याच्या बागेत फिरवलं. दुसऱ्या पाळीला पुन्हा माझ्या आळ्यात हजर. असं तीनदा झालं. मग एकदा कडेला बसून ऐकलं. तो फावडं मारताना आवाज होऊ नये म्हणून श्वास कोंडून धरतो. तो! खल्फान! ज्याचा आवाज पलीकडच्या गावाला जातो!" बाबांचे खांदे हसण्यानं हलायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळ्याची पट्टी स्वतःच सोडून डोळा पुसला. "तू त्याला सांगू नकोस मला कळतं म्हणून. त्या बिचाऱ्याला वाटतं, मला दिसत नाही."